पंधराव्या फुटाची मंजुरी

आमच्या दादाने बत्तीस वर्षं विहिरी खोदल्या. एकाही विहिरीत तो उतरला नाही, हा भाग वेगळा. पाणीपुरवठ्याच्या ऑफिसात दुसऱ्या मजल्यावर, पंख्याखाली, खिडकीकडे पाठ करून बसायचा आणि कुठली विहीर किती फूट जाणार ते फाइलवर लिहायचा. 'साठ फूट मंजूर' असं त्याने लिहिलं, की तिकडे माणसं साठ फूट खाली जायची. पाणी लागलं तर दादाचा अंदाज बरोबर, नाही लागलं तर जमीन नालायक. असा माणूस निवृत्त झाला की त्याचं आता करायचं काय, असा प्रश्न घरच्यांना पडतो. दादाने आम्हाला तो पडूच दिला नाही. चौथ्या महिन्यात तो सोन्याच्या ओढ्याचा परवाना घेऊन आला.

ओढा तसा सगळ्यांना माहीत होता. त्याच्या वाळूत सोन्याचे कण सापडतात, कुणाला चिमूटभर, कुणाला तेवढेही नाही. परवान्यात चाळीस पावलं काठ मिळतो, तीन महिन्यांसाठी, आणि एका वेळी एकच खड्डा. दुसरा खणायचा तर आधी पहिला बुजवून दाखवायचा, असा नियम, कारण मागच्या लोकांनी काठाची पार चाळण करून ठेवली होती. म्हणजे खरा प्रश्न एकच उरतो: हातातला खड्डा किती खोल न्यायचा आणि कधी सोडायचा. दादाला हाच प्रश्न हवा होता. बत्तीस वर्षं त्याने दुसरं केलं काय होतं?

मी त्याची बहीण, त्याच्याहून दोन वर्षांनी लहान. माझा धंदा झारेकरणीचा. सोनाराच्या दुकानातला केर, भट्टीतली राख, त्याच्या बैठकीखालची धूळ विकत घ्यायची, परातीत घालून पाण्यात धुवायची आणि तळाशी राहिलेला सोन्याचा कीस वेगळा काढायचा. नवरा करायचा, तो गेल्यावर मी करू लागले, त्याला सव्वीस वर्षं झाली. तेव्हा परात माझी, मनगट माझं. धाकटा भाऊ गवंडी. त्याच्याकडे कुदळ, फावडं आणि तक्रार न करणारी पाठ. दादाकडे फाइल.

हो, फाइल. थट्टा नाही करत मी. लाल नाडीची, जाड पुठ्ठ्याची फाइल तो ओढ्याच्या काठावर घेऊन आला. पत्र्याच्या शेडमध्ये आम्ही मुक्काम टाकला, तिथे त्याने टेबल मांडलं, टेबलावर फाइल, पेन, शिक्क्याचं पॅड. शिक्का नव्हता, पण पॅड होतं, सवय म्हणून. पद्धत त्याने पहिल्याच दिवशी ठरवली. धाकट्याने एक फूट खणायचं. संध्याकाळी खड्ड्याच्या तळातली घमेलंभर माती वर द्यायची. मी ती ओढ्यावर नेऊन धुवायची, परातीच्या तळाशी काळ्या रेतीत किती कण चमकतात ते मोजायचे आणि आकडा सांगायचा. दादा तो फाइलवर चढवणार, विचार करणार, आणि खाली लिहिणार: पुढील एक फूट मंजूर. मग धाकट्याने सही करायची.

"मी कशाला सही करू?" धाकट्याने विचारलं.

"आदेश मिळाल्याची पोच," दादा म्हणाला.

धाकट्याने सही केली. तो दादाला कधी नाही म्हणाला नाही, आणि त्याला कारण आहे. वडील गेले तेव्हा धाकटा सात वर्षांचा होता. दादाने कॉलेज सोडलं, ऑफिसात कारकून म्हणून चिकटला आणि आम्हा दोघांना मोठं केलं. धाकट्याला टायफॉइड झाला तेव्हा सोळा रात्री उशाशी बसून होता. हे सगळं खरं आहे, आणि मी दादाची कितीही टिंगल केली तरी ते मी विसरत नाही. पण एकदा उशाशी बसलं म्हणून जन्मभर डोक्यावर बसायचं का, हेही कुणीतरी विचारायला हवं की नको? धाकट्याची बायको मात्र विचारायची. निघताना तिने मला बाजूला घेतलं होतं. म्हणाली, "ताई, हे भाऊजींना नाही म्हणणार नाहीत. तुम्ही म्हणा. मला माणूस धडधाकट परत हवा, सोनं नाही आणलंत तरी चालेल." मी म्हटलं, मी आहे ना. मोठ्या तोऱ्यात म्हटलं होतं.

पहिले तीन फूट काही नव्हतं. माती, मुळं, एक गंजकं झाकण. चौथ्या फुटाला गोटे लागले, गोल गुळगुळीत, पाण्याने घासलेले, आणि त्यांच्या खाली पिवळट चिकणमातीचा घट्ट थर. त्या संध्याकाळी माझ्या परातीत सात कण आले. सात! मसुरीच्या डाळीच्या चुऱ्याएवढे, पण नजरेत भरतील असे. परात धरून मी शेडकडे अक्षरशः धावत आले. या वयात.

"झालं," मी म्हटलं. "इथंच आहे ते. आता खाली नको जायला, आडवं खणू. या चिकणमातीच्या अंगावरून चहूबाजूंनी गोटे काढू."

दादाने परातीकडे बघितलं, फाइलकडे बघितलं, आणि ऑफिसात एखाद्या अर्जदाराकडे बघायचा तसं माझ्याकडे बघितलं.

"सोनं जड असतं की हलकं?"

"जड."

"जड वस्तू कुठं जाते?"

"खाली."

"मग? चार फुटांवर सात, तर तळाला किती असेल?"

"अरे दादा, फळीवरून तांब्या पडला तर फरशीवर पडतो. फरशी फोडून खालच्या बिऱ्हाडात नाही जात. ही चिकणमाती म्हणजे फरशी. पुरात गोट्यांबरोबर सोनं आलं, इथवर उतरलं, आणि बसलं."

"तो तात्पुरता तळ," दादा म्हणाला. "खरा तळ म्हणजे कातळ. तो खाली आहे. अनुभवाने सांगतो."

अनुभव! माझ्या मनगटांना सव्वीस वर्षांचा होता, धाकट्याच्या पाठीला तीस वर्षांचा. पण अनुभव म्हणायचं ते खुर्चीला. त्याने लिहिलं, 'पाच फूट मंजूर', आणि धाकट्याने दुसऱ्या सकाळी ती फरशी फोडली. वरचे गोटे वर आले, ते कुठं टाकायचे म्हणून धाकट्याने विचारलं. शेडपासून खड्ड्यापर्यंत चिखल व्हायचा आणि दादाचे बूट भरायचे. दादा म्हणाला, ते वाटेवर पसर. धाकटा गवंडी तो, त्याने नुसते पसरले नाहीत, चांगले ठोकून बसवले, कडेला दगडांची ओळही लावली. मग दादा त्या वाटेवरून दिवसातून दोनदा खड्ड्याच्या काठापर्यंत यायचा, हात मागे बांधून, वाकून न बघता.

आता गंमत ऐका. पाचव्या फुटाला कण आले पाच. सहाव्याला चार. सातव्याला सहा. आठव्याला पुन्हा पाच. दादा रोज संध्याकाळी असा काही फुलायचा की विचारू नका. "बघितलंस? सातत्य आहे," म्हणायचा. "खोलीबरोबर सातत्य." मी गप्प. आणि नुसती गप्प नाही, खरं सांगायचं तर मीही हुरळले होते. चार फुटांवर थांब म्हणणारी मी, सातव्या फुटाला कण मोजताना माझाच जीव वर-खाली व्हायचा. मनात वाटायचं, दादाचं खरं असेल तर? तळाशी खरंच कातळ असेल आणि त्याच्या फटीत हरभऱ्याएवढं काही असेल तर? लोभ काही फक्त पुरुषांनाच होत नाही. धाकट्याच्या बायकोचा दर दोन दिवसांनी फोन यायचा, आणि मी तिला सांगायचे, सगळं ठीक आहे, छान चाललंय.

दहा फुटांवर फळ्या संपल्या. खड्ड्याच्या भिंती ढासळू नयेत म्हणून आम्ही चारी बाजूंनी फळ्यांचा आधार दिला होता. दादाने मूळ अंदाज दहा फुटांचा केला होता, म्हणून फळ्याही दहा फुटांच्याच मंजूर. त्यातही काटकसर: दोन फळ्यांत चार-चार बोटांची फट ठेवायची. धाकटा म्हणाला, "दादा, खाली वाळू सुटी आहे. आणखी फळ्या लागतील."

"सुधारित अंदाजपत्रक करावं लागेल," दादा म्हणाला. "तोवर जपून खण."

जपून म्हणजे कसं, ते फाइलवर नव्हतं. अकराव्या फुटाला भिंतींना पाझर फुटला. संध्याकाळी धाकटा शिडीवरून वर यायचा तेव्हा त्याच्या डोक्यापासून पायापर्यंत करडा चिखल, फक्त डोळे तेवढे माणसाचे. यायचा, बसायचा, चहा घ्यायचा. एकदा मी म्हटलं, "अरे, भीती वाटत नाही का तुला?" तो म्हणाला, "वाटते की. पण दादा म्हणतोय ना."

त्याच दिवशी मला ते दिसलं. अकराव्या फुटाचे पाच कण मी नखावर घेतले होते, उन्हात धरून बघत होते, आणि माझ्या लक्षात आलं की हे कण मी ओळखते. झारेकरणीला एक खोड लागते. एकाच कानशीचा कीस ती कुठेही ओळखते; कुठल्या सोनाराच्या दुकानातला, हेसुद्धा सांगते. हे कण चपटे होते, कडा गोल झालेल्या, आणि त्यांच्या एका अंगाला पिवळट चिकणमातीची पुसटशी साय होती. सातव्या फुटाचे काढून बघितले, मी प्रत्येक फुटाची पुडी वेगळी ठेवली होती. तेच. नवव्याचे, तेच. अकरा फुटांवर पिवळी चिकणमाती कुठून आली? तिथे तर सगळी करडी वाळू.

मग मी खड्ड्याच्या काठावर पालथी पडून आत बघत राहिले. धाकटा घमेलं भरत होता, मी कप्पीवरून ते ओढायचे तसं ओढलं, दोर भिंतीला घासला, आणि चौथ्या फुटाच्या फळ्यांच्या फटीतून बारीक खडी भुरभुर खाली पडली. रोजच पडत होती. दिवसभर पडायची, तळात मिसळायची, आणि संध्याकाळी आम्ही तळातली माती घेऊन 'नमुना' म्हणून धुवायचो. म्हणजे पाच, सहा, सात, आठ, सगळे फूट कोरडे होते, आणि आम्ही चौथ्या फुटाचंच सोनं रोज नव्याने मोजत होतो. हेच ते सातत्य. मी कपाळावर हात मारला, तो परातीचा ओला हात.

पण नुसतं बोलून दादापुढे उपयोग नव्हता, म्हणून खात्री केली. जुनी चादर घेतली, धाकट्याला सांगितलं की ती चौथ्या फुटाच्या फळ्यांवर चारी बाजूंनी नीट ठोक, एक खडा खाली येता कामा नये. मग तळ खरवडून स्वच्छ कर, सगळी सुटी माती वर दे, आणि त्याच्या खालची, हात न लागलेली माती घमेल्यात भर. ती मी धुतली. काळी रेती निघाली. कण शून्य. पुन्हा धुतली, दुसरं घमेलं. शून्य.

मी दादाला शेडमध्ये गाठलं, टेबलापाशी, आणि सगळं सांगितलं. पुड्या उघडून दाखवल्या. चादरीचं सांगितलं. शेवटी म्हटलं, "आणि चौथ्या फुटाचे गोटे आपण कुठं टाकले, आठवतं? तू रोज बुटांनी तुडवतोस ते. काखेत कळसा, गावाला वळसा. खड्डा बुजव, वाट उकर, आपण ती धुऊ."

दादाचा चेहरा बघण्यासारखा झाला होता. क्षणभर वाटलं, पटलं याला. त्याची नजर दाराबाहेर, त्या ठोकून बसवलेल्या वाटेवर गेली सुद्धा. पण मग त्याने चष्मा काढला, पुसला, परत घातला, आणि तो पुन्हा दुसऱ्या मजल्यावर जाऊन बसला.

"अकरा फुटांत पाच-सहा कण सलग आलेत," तो म्हणाला, "आणि आज, तू चादर लावल्यावर, शून्य. मग चूक कशात आहे? चादरीत."

"दादा, शितावरून भाताची परीक्षा करतात."

"एका शितावरून धोरण बदलत नाहीत." आणि त्याने लिहिलं: 'आज रोजीचा नमुना सदोष. बाद. बारा फूट मंजूर.'

धाकट्याकडे मी बघितलं. तो दारात उभा होता, सगळं ऐकून. मी म्हटलं, "तू तरी बोल." तो म्हणाला, "ताई, तुझं खरं असेल. पण मी दादाला तोंडावर कसं म्हणू, की तू चुकलास?" आणि सही करायला पुढे झाला.

तिसऱ्या दिवशी, तेरावा फूट चालू असताना, ढासळलं. आवाज फार मोठा नव्हता. पोतं टाकावं तसा. मी दोर सोडून काठावर पडले, तर धाकटा तळात उभा, मांड्यांपर्यंत वाळूत, दोन्ही हात भिंतीला टेकलेले, आणि भिंत अजून थोडी-थोडी गळत होती. तो वर बघत होता. ओरडला नाही. "ताई, हळू," एवढंच म्हणाला. मी शिडीच्या शेवटच्या पायरीवर उभं राहून हातांनी वाळू उपसली, दीड तास. फावडं चालवलं असतं तर पाय तुटला असता. शेवटी बूट आत ठेवून पाय बाहेर आला. एक बूट अजून आत आहे. धाकटा कमरेपर्यंत पुरला गेला असता तर मला काढता आला नसता, हे मला तेव्हाही कळत होतं आणि त्यालाही. वर आल्यावर तो जमिनीवर बसला आणि बराच वेळ उठला नाही. मी त्याच्या डोक्यावरून हात फिरवत राहिले, तो सात वर्षांचा असताना फिरवायचे तसा.

दादा तेव्हा पेन्शनच्या कामाला गावात गेला होता. संध्याकाळी आला, ऐकलं, त्याला वाईट वाटलं. खरंच वाटलं, डोळ्यांत पाणी आलं त्याच्या. धाकट्याच्या पायाला त्याने स्वतः मलम लावलं. मग टेबलाशी बसला, नि काय लिहिलं? 'किरकोळ ओघळ. खोदकाम कर्मचारी सुखरूप. ओघळीमुळे एक फूट माती आपोआप सुटी झाल्याने चौदा फूट पूर्ण समजावे.' आणि सकाळी उजाडताच, चहाबरोबर, 'पंधरा फूट मंजूर' लिहायला पेन उघडलं.

धाकटा एका पायात बूट, दुसऱ्या पायात दादाची चप्पल घालून सहीसाठी उभा.

मी त्या रात्री झोपले नव्हते. उंटावरून शेळ्या हाकणाऱ्याला उंटावरून खाली कसं आणायचं, तेवढाच विचार करत पडले होते. भांडून तो येणार नव्हता. रडून आला नसता. दादा ऐकतो तो फक्त दादाचं. तेव्हा मी पदराला हात पुसले आणि म्हटलं, "एक विचारू? तुमच्या ऑफिसात अंतिम मंजुरीच्या आधी ते काय असायचं, तू सांगायचास ते? साहेब स्वतः जाऊन बघतात ते?"

"स्थळपाहणी," दादा म्हणाला.

"ती करावीच लागते का?"

"नियमाप्रमाणे लागतेच. प्रत्यक्ष तळाशी जाऊन. तिच्याशिवाय अंतिम मंजुरी अवैध."

"मग पंधरावा फूट अवैध होणार?"

पेन थांबलं. बत्तीस वर्षांत त्याने किती स्थळपाहण्या टेबलावर बसून केल्या ते मला माहीत होतं; त्यालाही माहीत होतं. पण नियम त्याने स्वतःच्या तोंडाने सांगितला होता, आणि नियम म्हटला की दादा वाघ. तो उठला. बाहीची बटणं लावली. फाइल काखेत घेतली, मी ती काढून घेतली. त्याच्या कमरेला मी दोर बांधला, दोन गाठी, आणि दुसरं टोक झाडाला. एवढी काही मी कैकयी नाही. धाकटा म्हणत होता, "कशाला दादा, मी जातो ना, काय बघायचं ते सांग," आणि मी त्याला म्हटलं, "तू गप्प बस, तुझी फक्त पोच."

दादा शिडीवरून उतरला. पहिल्या चार पायऱ्या भराभर. मग हळू. मग इतका हळू की मला वाटलं, परत येतो. आठव्या पायरीवर थांबून त्याने विचारलं, "अजून किती?" मी म्हटलं, "तूच मंजूर केलंयस, बघ की फाइलवर." उतरला. तळाशी पाय टेकले, घोट्यापर्यंत पाण्यात गेले, तसा त्याचा चेहरा वर झाला. तिथून आकाश केवढं दिसतं ते मला माहीत होतं. मोठ्या रुमालाएवढं.

मी शिडी वर ओढून घेतली.

"ताई," धाकटा म्हणाला.

"अगं, शिडी?" दादा खालून म्हणाला.

"शिडी आहे. आधी स्थळपाहणी होऊ दे. आता तिथं उभा राहून सांग, किती खोल जायचं."

"मला वर घे."

"ते उत्तर नाही झालं. फुटात सांग."

दादाने आजूबाजूला बघितलं. फळ्या संपतात तिथून खालची भिंत त्याच्या कमरेशी होती, ओली, आणि कालच्या जागी मोठी खळगी पडलेली. त्याने हात लावला असेल, कारण थोडी वाळू सुटली आणि पाण्यात पडली. सुर्र असा आवाज. दादा दुसऱ्या भिंतीला जाऊन चिकटला. तिथूनही थोडी पडली. मग तो मधोमध उभा राहिला, हात अंगाशी घट्ट, लहान मुलाला थंडी वाजते तसा.

"चार फूट," तो म्हणाला. "चार फूट पुरेसे होते. मला वर घे."

मला फार बरं वाटलं. लाज वाटायला हवी होती, नाही वाटली. मनात म्हटलं, अजून थोडा वेळ. अजून थोडं बघू दे याला. तेवढ्यात धाकट्याने माझ्या हातातली शिडी धरली.

"सोड."

"थांब जरा. कळू दे त्याला."

"ताई, सोड म्हणतो ना." या आवाजात तो माझ्याशी कधी बोलला नव्हता. कुणाशीच बोलला नव्हता. त्याने माझी बोटं शिडीवरून एकेक करून काढली, शिडी आत सोडली, आणि एका बुटाने, एका चपलेने, दुखऱ्या पायाने, तो खाली उतरला. मनात आणलं असतं तरी मी त्याला अडवू शकले नसते. दादाला पुढे घालून, मागून दोन्ही हातांनी त्याला धरून, त्याने वर आणला. दादा खाली होता तो सगळा मिळून तीन-चार मिनिटं. धाकट्याला तेवढी सोसली नाहीत.

दादा काठावर बसला. पांढरा पडला होता. गुडघ्यापर्यंत चिखल, चष्म्याच्या एका काचेवर चिखल, आणि तो पुसायचं भानही नव्हतं. तो त्या खड्ड्याकडे असा बघत होता, जणू काल रात्रीच कुणीतरी तो तिथे खणून ठेवला होता.

"तू रोज इथं उतरायचास?" त्याने धाकट्याला विचारलं.

"तू सांगायचास ना," धाकटा म्हणाला.

टोचून म्हणाला असता तर दादाला काहीतरी उत्तर सुचलं असतं, उत्तरांची त्याला कधी कमी नव्हती. पण धाकटा नेहमीच्याच आवाजात बोलला, आणि बोलताना तो दादाच्या मागे बसून त्याच्या पाठीवरची वाळू झाडत होता.